कागदात गुंडाळलेला नवरा

लाँड्रीवाल्या काकूंनी आपला पहिला नवरा भंगारात विकला, अशी बातमी मध्यंतरी आमच्या गल्लीत होती. बातमी मोघम नव्हती. नवरा मागच्या खोलीत धाडकन पडला, काकूंनी त्याला दोन थापा मारून पाहिल्या, तो गार लागला, म्हणून दुपारी भंगारवाल्याला बोलावून हातगाडीवर चढवून दिला आणि अंधार पडायच्या आत दुसरा आणला. इस्त्रीच्या टेबलाशी उभे असतात ते काका म्हणजे हा दुसरा. फुसफुसतो, पण कामात हयगय करत नाही. हा शेवटचा तपशीलसुद्धा बातमीतलाच.

एरवी रेडिओमावशींच्या तोंडून निघालेली बातमी लोक निम्मी वजा करून ऐकतात. रेडिओमावशी म्हणजे लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या बाई. बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडतं. पण या वेळी त्यांच्या हातात छापील कागद होता. काकूंच्याच दुकानाचा, वर काकूंनीच लिहिलेला. मग वजाबाकी कोण करत बसतो?

तर आधी एवढं निस्तरून टाकू. काकूंचं लग्न एकदाच झालं आणि ते याच काकांशी झालं. भंगारात गेला तो दुकानाचा जुना बॉयलर. आता नवरा आणि बॉयलर एकमेकांत मिसळले कसे, ते सांगायचं तर काकूंना लिहायचा नाद कुठून लागला तिथपासून सुरुवात करायला हवी.

दुकान कोपऱ्यावरचं. पुढे काचेचं दार, आत लाकडी काउंटर. काउंटरवर पिनांची डबी आणि खिशांतून निघालेल्या वस्तूंची बरणी. तीत बटणं, किल्ल्या आणि एक दातांची कवळी, जिच्यावर आजवर कोणी हक्क सांगितलेला नाही. मागे हँगरांची रांग, त्यामागे काकांचं लांबरुंद इस्त्रीचं टेबल, आणि पार मागच्या खोलीत बॉयलर, जो दिवसभर वाफ करून पुढे पाठवतो. भिंतीवर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'या दुकानात आजवर एकही कपडा जळला नाही.' काका माणूस अबोल. त्यांना जगाला जे काही सांगायचं होतं ते त्या पाटीत आलं. कोणी कामाचं कौतुक केलं की ते मान न उचलता इस्त्रीचं टोक पाटीच्या दिशेने करतात आणि पुढची कॉलर घेतात.

अपवाद एका विषयाचा. थंडी पडली, लोक लोकरीचे कपडे घेऊन यायला लागले, की काकांना कोटचोर आठवतो. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने अंगावरचा निळा लोकरीचा कोट काढून त्यांच्या खांद्यावर घातला होता. तो कोट तीनेक महिन्यांत दुकानातून गेला. कोण्या गिऱ्हाइकाने आपला म्हणून उचलून नेला, असं काका सांगतात. पूर्वी ते नुसतं गिऱ्हाईक होतं. पुढे त्याला जाड मिश्या आल्या. मग तो एका पायाने लंगडायला लागला. अलीकडे त्याचा पुढचा एक दात सोन्याचा झाला आहे. काका हे सांगत असले की काकू समोरच्या पावतीवरून डोळे काढत नाहीत.

तर काकूंचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी इस्त्री उचलायची नाही म्हणून बजावलं. इस्त्रीला खांद्याने नकार दिला, पण पेन उचलायला त्याची हरकत नव्हती. काउंटरवर नुसतं बसायची सवय नसलेली बाई. तिने पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पाठी भरायला घेतल्या. आधी एक जुनी आठवण, मग दुसरी. सगळं घडलेलं आणि स्वतःवर घडलेलं. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी धुवायला दिलेला पडदा, तो धुताना आटून रुमालाएवढा कसा झाला, आणि सासऱ्यांनी तो खरोखर रुमाल म्हणून कसा वापरला. अशा गोष्टी.

लिहून झालं की त्या काकांना वाचून दाखवत. वाफेचा फुस्स, मग काकांचा "हं", पुन्हा फुस्स. काकू समजत, यांना आवडतंय. काका समजत, ही उद्याच्या डिलिव्हरी वाचून दाखवते आहे. असा दोघांचा वाङ्मयीन संसार सुखाने चालू होता.

एकदा धीर करून काकूंनी चार गोष्टी एका मासिकाकडे पाठवल्या. संपादक भले होते, उत्तर पाठवलं. लेखन प्रांजळ आहे, मात्र थोडी कल्पनेची जोड द्यावी, म्हणजे रंग भरेल. काकूंनी ते उत्तर पिनांच्या डबीखाली ठेवलं आणि त्या दिवशी पावतीपुस्तकाच्या पाठी कोऱ्याच राहिल्या. संध्याकाळी रेडिओमावशींनी खोदून विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, वरून भरलेला रंग कच्चा असतो मावशी, पहिल्या धुण्यात सगळ्यांना लागतो. मावशींना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी ते चार घरी सांगितलं.

आता छपाईचं. दुकानातून कपडे कागदात बांधून जातात. घड्यांच्या खाली एक ताव, वर एक ताव, कडेने दोरी. तावांवर दुकानाचं नाव समोरचे छापखानेवाले वर्षानुवर्षं छापून देत आले आहेत. छापखानेवाले म्हणजे गोल माणूस, बोटं कायम काळी, आणि त्यामुळे त्यांचे शर्ट हे लाँड्रीचं अर्धं उत्पन्न. काकूंनी एक दिवस त्यांचा शर्ट परत देताना विचारलं, नावाखाली एवढी जागा पांढरी जाते, तिथे मजकूर बसेल का? ते म्हणाले, बसेल की. कसला मजकूर? काकू म्हणाल्या, माझा. हे म्हणताना कानांपर्यंत लाल झाल्या होत्या, असं छापखानेवाले सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, त्यांना लाल रंग कळतो.

ठरलं ते असं. एक गोष्ट, दोन ताव. पहिला भाग खालच्या तावावर, दुसरा वरच्या. पहिल्या खेपेला दोन गोष्टी घेतल्या. एक बॉयलरची, एक नवऱ्याची. छापखानेवाल्यांनी चार गठ्ठे बांधून पाठवले आणि ओळखायला म्हणून प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीने आकडा घातला. बॉयलरच्या गोष्टीवर एक आणि दोन. नवऱ्याच्या गोष्टीवर एक आणि दोन. गठ्ठे आले तेव्हा काकू खांद्याला शेक घ्यायला गेल्या होत्या. बांधाबांध काकांकडे. काकांनी सरळ माणसासारखा एक 'एक' सोडला आणि एक 'दोन' सोडला. छापील बाजू तेवढी आठवणीने बाहेर ठेवली, कारण शाई पांढऱ्या कपड्याला लागली तर दुकानाची लाज जाते. उरलेले दोन गठ्ठे दोरीसकट काउंटरखाली सरकवले. यात त्यांचं काय चुकलं, ते अजून त्यांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

त्या दिवशी जेवढे कपडे गल्लीत गेले, त्या सगळ्यांच्या पोटाखाली लिहिलेलं होतं: 'याला पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ठरवलं, संसार करीन तर याच्याशी. लग्नाला तीन महिने झाले असतील. मी काउंटरवर टॅग लावत होते, तर मागच्या खोलीत धाडकन आवाज. हातातलं टाकून धावले. बघते तर तो जमिनीवर आडवा, आणि' आणि सगळ्यांच्या पाठीवर लिहिलेलं होतं: 'पार गार. दोन थापा मारून पाहिल्या, काही उपयोग नाही. रडत बसायला वेळ नव्हता, गिऱ्हाइकं खोळंबली होती. भंगारवाल्याला बोलावला...'

पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

गंमत अशी की लोकांना पहिला धक्का नवरा विकल्याचा बसलाच नाही. तो बसला काकूंनी नवऱ्याला 'तो' लिहिल्याचा. दुकानात दिवसभर "अहो, ऐकलंत का" करणारी बाई कागदावर एवढी सुटते, याचीच चर्चा सकाळभर. भंगाराकडे लोक जेवणानंतर वळले.

काकूंना पत्ता लागला तो थोरल्या बहिणीच्या फोनने. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिच्या पडद्यांबरोबर तिलाही कागद गेला होता. "तुझं पहिलं लग्न झालं कधी?" थोरलीने विचारलं. "आणि मला बोलावलं नाहीस ते नाहीस, निदान गाडीवर चढवायला तरी हाक मारायचीस."

काकूंनी कागद मागवला, वाचला आणि काउंटरवर डोकं टेकून हसल्या. हँगर धरून हसल्या. डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. एवढ्या लोकांनी आपलं लिहिलेलं शेवटापर्यंत वाचलं, हे त्यांना त्या क्षणी नवऱ्यापेक्षाही प्रिय होतं. मग त्यांनी खुलासा करायचा म्हणून काउंटरखालचा गठ्ठा ओढला. नवऱ्याच्या गोष्टीचा खरा दुसरा भाग. दोरीला हात घातला, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

कारण त्या भागात काय आहे, ते त्यांना आठवलं.

कोट चोरीला गेलाच नव्हता. त्या दिवशी काकू धावत मागे गेल्या तेव्हा काका जमिनीवर आडवे होते आणि स्टूल त्यांच्या अंगावर होतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, झुरळ होतं. पण वर माळ्याच्या फटीतून निळी बाही लोंबत होती. बायकोला खूश करायचं म्हणून काकांनी तिचा कोट गुपचूप इस्त्रीला घेतला होता, आणि पाठीवर मधोमध इस्त्री ठेवून ते गिऱ्हाइकाशी बोलले होते. एवढ्या आयुष्यात एकच कपडा जळला, तो हा. संध्याकाळी काकांनी चोराची गोष्ट सांगितली. त्यांचा आवाज इतका कापत होता की काकूंना राग यायच्या ऐवजी वाटलं, मी रडेन एवढ्या भीतीने जो माणूस स्टुलावरून पडतो, त्याच्या हाताखाली आपलं आयुष्य चोळामोळा होणार नाही. म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. पुढे माळ्यावरून कोट काढला, उसवला आणि इस्त्रीच्या टेबलावर चादरीच्या आणि कांबळ्यांच्या खाली अंथरून टाकला. काका आजवर त्याच्यावरच लोकांचे कपडे इस्त्री करत आले. त्यांना ठाऊक नाही.

हे सगळं काकूंनी लिहिलं होतं, आणि काकांना वाचूनही दाखवलं होतं. काका "हं" म्हणाले होते. त्या "हं"चा अर्थ काकू परवानगी असा घेऊन बसल्या होत्या. पण ऐकलं असतं तर यांनी गठ्ठे असे बांधले नसते, आणि आता त्यांना त्या "हं"चा खरा अर्थ कळू लागला होता. म्हणजे गठ्ठा सोडला नाही तर आपण नवरा विकणारी बाई, आणि सोडला तर काकांची पाटी खोटी, काकांचा चोर खोटा, तेही गल्लीभर, शर्टांच्या पाठीवर छापून. आपलं नाव जाण्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. त्या पाटीखाली उभा असलेला माणूस मान खाली घालून उभा राहील, हे त्यांना बघवणार नव्हतं. आणि तसं झालं तर पुन्हा पेन हातात घेता येणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी गठ्ठा परत आत सरकवला.

दोन दिवस तसेच गेले. गिऱ्हाइकं काकांची चौकशी करू लागली. कोणी विचारलं, तब्येत बरी ना, गार तर नाही वाटत? कोणी म्हणालं, तुम्ही जरा जास्तच फुसफुसता म्हणे. कोणी नुसताच त्यांच्या पाठीवर दोन थापा मारून गेला. शेवटी छापखानेवाले शर्ट घ्यायला आले आणि हसत म्हणाले, "काय, गॅरंटी संपली नाही ना अजून?" तेव्हा काकांनी इस्त्री स्टँडवर उभी केली. ही गोष्ट क्वचितच घडते. जिन्यावरच्या रेडिओमावशी नेमक्या त्याच वेळी काहीतरी विचारायला खाली आल्या.

काकांनी विचारलं, भानगड काय आहे. काकूंनी सांगितलं, कागद चुकून उलटेपालटे लागले. काका म्हणाले, मग बरोबरचे लावू, आणि काउंटरखाली वाकले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या.

"का?"

"त्यात तुम्ही आहात."

"मी तर याच्यातही आहे. भंगारात."

"त्यापेक्षा जास्त आहात."

काकांनी गठ्ठा वर काढला, दोरी सोडली, वरचा ताव घेतला आणि चष्मा लावला. काका ओठ हलवत वाचतात. त्यामुळे ते कुठवर आले आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. 'झुरळ'पाशी ओठ थांबले. मग पुढे गेले. एका ठिकाणी पार बंद झाले, आणि बॉयलरची सुरसुर सोडली तर दुकानात कसला आवाज नव्हता. रेडिओमावशीसुद्धा गप्प होत्या. हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण होत्या.

काकांनी ताव घडी करून खिशात घातला. टेबलाशी गेले. अर्धवट इस्त्री झालेली पँट बाजूला ठेवली. चादर काढली, तिच्याखालचं कांबळं काढलं, त्याच्याखालचं दुसरं काढलं. सगळ्यात खाली निळं कापड होतं, वर्षानुवर्षांच्या वाफेने पातळ झालेलं, आणि मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. काकांनी त्याच्यावर तळवा ठेवला. अगदी बरोबर बसला.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"तुम्ही स्टुलाखालून उठायच्या आधीपासून."

काकांनी डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"मग त्या चोराला सोन्याचा दात बसवला तेव्हा तरी थांबवायचंस," काका म्हणाले. "केवढी मेहनत घेतली मी त्याच्यावर."

पहिलं हसू छापखानेवाल्यांना फुटलं. मग काकूंना, आणि त्या हसता हसता रडल्या की रडता रडता हसल्या, यावर रेडिओमावशी आणि छापखानेवाले यांच्यात अजून एकमत नाही. काका मात्र गंभीर होते. त्यांनी खिशातला ताव पुन्हा काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. झुरळ नव्हतं, म्हणाले, पाल म्हणालो होतो मी. झुरळाला कोण घाबरतो? खरं लिहायचं असेल तर नीट खरं लिही. काकूंनी लगेच पिनांच्या डबीशेजारचं पेन घेतलं आणि तिथल्या तिथे दुरुस्ती केली. छापखानेवाले म्हणतात, लेखकाचा आणि नवऱ्याचा एवढा गोड वाद त्यांनी छापखान्यात कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा भिंतीवरच्या पाटीखाली ताज्या रंगात दोन शब्द वाढले होते. 'एक सोडून.' आणि त्याखाली, बहुधा रंग उरला म्हणून: 'तो घरचाच होता.' आता कोणी कौतुक केलं की काका इस्त्रीचं टोक आधी वरच्या ओळीकडे करतात आणि मग खालच्या. थोरली बहीण येऊन डाग बघून गेली. म्हणाली, एवढा मोठा? आणि काकांना सांगितलं की पुढच्या वेळी काही जाळायचं झालं तर तिच्या नवऱ्याचा एक सूट आहे.

बांधाबांध अजूनही काकांकडे आहे, पण आता ते आकडे बघून बांधत नाहीत. खालचा ताव वाचतात, वरचा वाचतात, गोष्ट जुळते याची खात्री करतात आणि मगच दोरी आवळतात. त्यामुळे कपडे मिळायला उशीर होतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. लोक एकेक रुमाल घेऊन यायला लागले आहेत, घरी इस्त्री असूनसुद्धा. वर, काउंटरवर रेलून आपलीही एखादी आठवण सांगतात आणि हळूच विचारतात की ही बसेल का कागदात. काकू म्हणतात, मी माझ्याच गोष्टी लिहिते, पण तुम्ही तुमची लिहून आणा, जागा करू. चार जणांनी आणल्याही आहेत. रेडिओमावशींची सर्वांत लांब आहे, तिला बेडशीटचा कागद लागणार आहे.

खांदा केव्हाच बरा झाला. डॉक्टरांनी इस्त्री उचलायला परवानगी दिली, तर काकूंनी ती बातमी काकांपासून लपवून ठेवली आहे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, काकांनाही माहीत आहे, आणि तेही काही बोलत नाहीत.

परवा छापखानेवाले शर्ट टाकायला आले होते. आता व्यवहाराचं बोलू, म्हणाले. लोकांचं काय आहे, खरी जोडणी त्यांनी वाचली, डोळे वगैरे पुसले, पण मागणी अजून त्या चुकीच्या जोडणीलाच आहे. पाव्हणेरावळे आले की त्यांना तीच वाचून दाखवतात. पलीकडच्या गल्लीतूनही विचारणा आहे. तेव्हा नवरा भंगारात घातलेली गोष्टच पुन्हा जोरात छापू, खरी मागाहून बघता येईल.

काकांची इस्त्री हवेत थांबली. काकूंनी शर्टाच्या खिशात हात घालून काही राहिलं नाही ना ते बघितलं, कॉलरला टॅग लावला आणि म्हणाल्या:

"नवरा भंगारात घालावा असं घरोघरी वाटतं, त्यात मी नवीन काय लिहिलं? मी घातला नाही, एवढंच माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे. तेच छापा."